कनेक्टिकटची चूल

सकाळी आठला पाच कमी असताना फोन वाजला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, आणि फोन ठेवून परत आले तेव्हा समोरचा कांदा कोणी आणि कशाला घेतलाय हेच मला आठवेना. म्युझियमच्या मि. पेंटननी सांगितलं ते एवढंच, की लोकांना चूल पेटवून दाखवणारी मार्गारेट काल मागच्या दाराच्या पायरीवरून घसरली, मनगट मोडलं, आता हा सीझनभर ती येत नाही. अकराला लोक येणार आणि चूल पेटवायला कोणी नाही. "मिसेस सबनीस, तुम्हाला जमेल का? आजचं नीट पार पडलं तर पुढच्या शनिवारांचंही बघू. नाहीतर डर्बीला एक ट्रेन्ड बाई आहेत, त्यांना विचारावं लागेल." मी 'यस' म्हटलं. माझा 'यस' एरवी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ऐकू जात नाही. हा थेट वरच्या मजल्यावर उल्काच्या खोलीपर्यंत गेला. पाय थंडगार, कान गरम आणि छातीत कोणी दोरीवरच्या उड्या मारत असल्यासारखं चाललेलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईला असं व्हायला लागलं की घरचे ब्लडप्रेशर बघतात. आमच्याकडे तर बघणारा टेबलापाशीच बसलेला होता.

"कोणाचा फोन?" यांनी पेपरामागून विचारलं. हे म्हणजे डॉक्टर शशिधर सबनीस, भूलतज्ज्ञ. बावीस वर्षं नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात लोकांना झोपवतात आणि घरी आले की स्वतः झोपतात.

"मार्गारेटचं मनगट मोडलं."

"अरेरे. या वयात मोडतंच."

"अहो, आज चूल मी पेटवायची आहे."

पेपर खाली आला. "चूल? म्हणजे खरी?"

"खरी. लाकडांची. आणि लोकांसमोर स्वयंपाक."

"वा. तुझ्या वडिलांनी गॅसचा शब्द घेऊन मुलगी दिली. तो मी पाळला. आणि आता तू दुसऱ्यांच्या चुली फुकट फुंकायला निघालीस." पण मिशीत हसू होतं. मग म्हणाले, "केस घट्ट बांध. भाजलेला पेशंट मला शनिवारी नको."

उल्का जिन्यात येऊन उभी होती. तिचा जन्म इथला, त्यामुळे तिच्या मराठीत बायका-पुरुष कोणीही कुठेही जातं. "आई, तू तो पांढरा टोपी घालणार? सीरियसली? सगळ्या लोकांसमोर?"

"घालणार."

"ओ गॉड," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "मग फिल्म आहे का आपल्याकडे कॅमेऱ्यात?"

गॅसची गोष्ट खरी आहे. यांच्या घरचे मला बघायला फलटणला आले तेव्हा मी काही बोलले नाही, पण आत्याच्या कानात एक वाक्य घातलं, आणि आत्याने ते भर बैठकीत मोठ्याने विचारलं: "मुलगी म्हणते, गॅस आहे का?" सगळी बैठक हसली. मुलगाही हसला. मी जमिनीकडे बघत बसले, आणि त्यानंतर तोंड उघडून कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. लागलं नाही मागायला. पुण्यात वर्ष-दोन वर्षं गॅस मिळाला, मग हे इंग्लंडला निघाले, तिकिटं यांनी काढली, घर यांनी बघितलं, आणि त्या घरात गॅससुद्धा नव्हता. काळ्या तव्यासारख्या चार विजेच्या चकत्या होत्या, ज्या तापल्या की नाही हे हात लावल्याशिवाय कळत नसे. ज्या आगीला कंटाळून मी पळाले ती आग पुढची वीस वर्षं मला दिसलीच नाही. वाढदिवसाच्या मेणबत्त्या सोडून. आणि गंमत म्हणजे मला तिची आठवणही आली नाही, निदान त्या ॲशकोम हाउसमध्ये पाऊल टाकेपर्यंत.

ॲशकोम हाउस शहराबाहेर, बसने पाऊण तास. मोज्यांच्या कारखान्यावर गबर झालेल्या कोण्या घराण्यातल्या मुलाने अमेरिकन बायको केली, तिला इथे करमेना, म्हणून त्याने तिच्या कनेक्टिकटमधलं अडीचशे वर्षांपूर्वीचं एक घर फळीन् फळी सुटं करून बोटीने आणलं आणि आपल्या वाड्याच्या पोटात परत उभं केलं. अमेरिका तेव्हा इंग्रजांचीच होती, त्या काळातलं घर. चार खोल्या. विणायच्या मागाची खोली, बैठकीची, निजायची, आणि स्वयंपाकघर, ज्यात आमची सगळी बाथरूम मावेल एवढी मोठी चूल. मी दोन वर्षं तिथे स्वयंसेवक. पहिल्या वर्षी लोकांचे कोट घ्यायचे, दुसऱ्या वर्षी निजायच्या खोलीत खुर्चीवर बसून 'प्लीज डू नॉट टच' म्हणायचं. त्या खुर्चीतून अर्ध्या दारापलीकडे मार्गारेटची पाठ दिसे, तिचा आवाज येई, आणि मार्गारेटने फुंकलेला धूर येई. खोकणारे लोक माझ्या खोलीत पळून येत आणि मी मात्र दारापाशी सरकत असे. बाभळीचा नव्हे, कुठल्याशा इंग्रजी झाडाचा तो धूर. पण नाकाला झाडांची नावं कळत नाहीत; ते सरळ मला उचलून फलटणला नेऊन ठेवत असे. दोन वर्षं मला त्या दारापलीकडे जायचं होतं. किती जायचं होतं हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, कारण सांगणार काय? डॉक्टरांच्या बायकोला चूल फुंकायचीय?

बसमध्ये मी फाइल मनात म्हणत होते, लहानपणी पाढे म्हणायचो तशी. फाइल म्हणजे मि. पेंटननी स्वतः टाइप केलेली चाळीस पानं, मला तोंडपाठ. त्या घराची बाई मर्सी. तिच्याबद्दल सगळी मिळून अडीच पानं, तीही तिच्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर केलेल्या सामानाच्या यादीवरून: नऊ मुलं, दोन लोखंडी हंडे, त्यातला एक फुटका, चरखा एक, गाय एक. रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे, विझले तर शेजारणीकडून आणायचे. राखेने भांडी घासायची. मक्याचं पीठ गरम पाण्यात कालवून लाकडी फळीवर सुरीने पसरायचं आणि फळी विस्तवासमोर तिरकी उभी करायची, की झाली भाकरी. फरशीवर पांढरी वाळू पसरून तिच्यात केरसुणीने नक्षी काढायची. आणि पहिल्या पानावर, अधोरेखित, आम्हा सगळ्यांसाठी नियम: जे फाइलमध्ये नाही ते बोलायचं नाही. माहीत नसेल तर म्हणायचं, आय ॲम अफ्रेड वी डोन्ट नो. मी बसच्या काचेवर बोटाने मक्याची भाकरी थापत होते. शेजारच्या म्हाताऱ्याने आपली पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

कपडे मार्गारेटचे, ती माझ्याहून वीतभर उंच. घागरा कमरेशी दोनदा दुमडला, टोपीत केस कोंबले, लोकरीचे मोजे चढवले, आणि पितळी बकलांचे बूट, पुढे बोटभर रिकामे, त्यात टिश्यू कोंबले. आरशात बघितलं तर ही कोण? हसूच आलं, एकटीलाच, आणि थांबेना. मग स्वयंपाकघरात गेले. तिथे मी एकटी असण्याची ती पहिली वेळ. चुलीपुढे विटांचा रुंद पट्टा, आत आडवा लोखंडी दांडा, त्याला लटकणारा हंडा, वाळूची बादली, रचून ठेवलेली लाकडं. मी त्या पट्ट्याच्या कडेला उभी राहिले. पुढचं मला नीट सांगता येत नाही. मार्गारेट लाकडं हारीने निजवते, मी ती उभी केली, खाली हवेला वाट ठेवून, आमच्या तुरकाट्या रचायचो तशी. बारीक काटक्या घातल्या. काडी ओढली. भाता शेजारीच होता, त्याच्याकडे हातच गेला नाही. वाकले आणि फुंकलं. लांब, खालून, गाल न फुगवता. पहिल्यांदा नुसता धूर, दुसऱ्यांदा आत कुठेतरी एक लाल ठिपका, आणि तिसऱ्या फुंकरीला सगळं एकदम पेटलं. धूर खोलीत आला नाही. तो मुकाट्याने वरच्या धुराड्यात गेला, आणि मी एकटीच जोरात हसले. अठ्ठेचाळीस नाही, मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला भूक लागली होती. विटा तापू लागल्या. तापलेली वीट तळव्यांना लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे पाय उघडे आहेत. बूट भिंतीशी जोडीने ठेवलेले, बुटांत मोजे. मी ते कधी काढले? आणि मी उकिडवी बसले होते. दोन्ही गुडघे छातीशी, घागरा मांड्यांत खोचलेला. इंग्लंडात आल्यापासून मी अशी बसले नव्हते, बसायचं कुठे?

उठायला हवं होतं. पण तेवढ्यात अकरा वाजले आणि माणसं आत आली. कोणी दोन म्हाताऱ्या बहिणी, एक कॅमेरेवाला, सातआठ असेच, आणि एक तरुण शिक्षिका, हातात वही, आपल्या वर्गाला पुढच्या महिन्यात घेऊन येणार होती. मी बोलायला लागले. काय आवाज होता तो माझा, मलाच नवीन. फाइल पहिल्या पानापासून सुटली. मर्सी, नऊ मुलं, फुटका हंडा. पीठ कालवलं, गोळा हातात घेतला, आणि सुरी बाजूलाच राहिली. गोळा या तळव्यावरून त्या तळव्यावर, मग फळीवर, आणि बोटं गोल फिरायला लागली. थप थप थप. तो आवाज ऐकून बैठकीच्या खोलीतले लोक दारात आले, त्यांच्यामागे आणखी. कॅमेऱ्याचा प्रकाश चमकला. भाकरी फळीभर गोल झाली, फळी विस्तवासमोर टेकवली, आणि कोणीतरी टाळी वाजवली. माझे हात पिठाचे, गाल भाजत होते, आणि मला वाटलं की आता मला कोणीही काहीही विचारावं.

शिक्षिकेने विचारलं, "या बायका स्वयंपाक करताना अनवाणी असायच्या?"

आय ॲम अफ्रेड वी डोन्ट नो. सात शब्दही नाहीत. मी म्हटलं, "यस. ऑलवेज."

ती लिहू लागली. आणि माझं सुटलंच. चुलीपाशी पायताण चालायचं नाही, म्हटलं. तापली वीट पायाला लागली की कळायचं, आता भाकरी टाकायची. अशाच उकिडव्या बसायच्या, तास-तास. स्वयंपाक चाललेला असताना चव म्हणून घ्यायची नाही, वासावरून मीठ कळतं. आणि पहिली भाकरी झाली की तिचा एक तुकडा आधी विस्तवाला. मी तुकडा मोडला आणि टाकलासुद्धा. तो फुगला, काळा झाला, आणि सगळ्यांनी तो गुपचूप बघितला. शेजारच्या खोलीत खुर्चीवर बसून मी दोन वर्षं लोक बघितलेत. मार्गारेटच्या बोलण्यात ते घड्याळ बघतात. आज कोणी बघत नव्हतं. खोटं बोलत होते हे मला कळत होतं, पण एखादं गाणं नीट लागलेलं असताना मध्येच थांबतं का कोणी? मर्सीचे पाय कसे होते ते कोणालाच माहीत नव्हतं, मी तिला माझ्या आईचे दिले. भेगा पडलेले, टाचेला कायम थोडी माती लागलेली. दिले तर काय बिघडलं?

म्हाताऱ्या बहिणींतली धाकटी दुसरीला म्हणाली, "किती छान असेल नाही, सगळं घर असं विस्तवाभोवती."

"हो," मी म्हटलं. "खूप छान."

पण छान नव्हतं. आई त्या धुरासमोर पहाटे बसायची ती दुपारी उठायची. डोळे कायम लाल, पदराने पुसलेले. शेवटी शेवटी तिला समोर कोण आहे ते आवाजावरून कळायचं. ती गेली तेव्हा मी इथे होते, उल्का पाच वर्षांची होती, आणि तार आली त्या दिवशीही मी त्या विजेच्या चकत्यांवर काहीतरी शिजवलंच. मीच एकदा तिला म्हटलं होतं, मी तुझ्यासारखी चुलीपाशी जन्म काढणार नाही. ती म्हणाली होती, "नको काढूस." बस, एवढंच. आता शिक्षिकेची पेन्सिल चालली होती. मला उलटं वाचता येत होतं: मर्सी, अनवाणी. मर्सी, पहिला घास विस्तवाला. माझ्या आईचं नाव उभ्या जन्मात कोणी वहीत लिहिलं नव्हतं. आज तिचं सगळं लिहिलं जात होतं, आणि नाव मर्सी. पुढच्या महिन्यात तीस मुलं ते पाठ करणार होती.

माणसं हळूहळू पांगली. शिक्षिका थांबली. आणि दाराच्या मागून मि. पेंटन पुढे आले. केव्हापासून उभे होते कोण जाणे. उंच, वाकलेला, सभ्य माणूस, आयुष्यभर कागद वाचून डोळे बारीक झालेला. एरवी त्यांचा चेहरा टपालपेटीइतका बोलका. आज गाल लाल होते.

"मिसेस सबनीस, इट वॉज मार्व्हलस. ते अनवाणी पाय, तो घास. शाळांसाठीचं पुस्तक सोमवारी छापायला जातंय, मला हे त्यात घालायचंय. पण कुठल्या कागदात आहे ते? मी वीस वर्षं शोधतोय, मला कुठे सापडलं नाही. मार्गारेटने सांगितलं का?"

किती सोपं होतं. मार्गारेटने, हो. मार्गारेटला विचारायला कोण जाणार होतं, आणि मनगट मोडलेल्या बाईला कुठे आठवणार होतं ती काय बोलली ते. मान हलवली की झालं, प्रत्येक शनिवार माझा, ही वीट, हा विस्तव. मी मान हलवणार होते. ती अर्धी हललीसुद्धा.

"मार्गारेटने नाही," मी म्हटलं. "ती माझी आई. यमुना तिचं नाव. फलटणची. हिंदुस्थानातलं आहे ते, मि. पेंटन. कनेक्टिकटमधलं नाही."

मि. पेंटनचा रंग गेला. शिक्षिकेने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि वहीतल्या चार ओळींवर रेघ मारली. पेन्सिलीचा तो आवाज मी ऐकला. ती पुटपुटत थँक्यू म्हणाली आणि गेली.

"नियम तुम्हाला माहीत होता," मि. पेंटन म्हणाले.

"पाठ आहे."

"पाय, बसणं, चव, घास. चार गोष्टी. एकाच सकाळी. आणि पीठ हातांनी." ते रागावलेले नव्हते, कोणाची तरी तब्येत सांगत असल्यासारखे बोलत होते. "त्या बाईबद्दल आपल्याला अडीच पानं माहीत आहेत. त्यात आपण मनाचं घालायला लागलो तर तीही उरणार नाहीत."

हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. मी तर ते उलट्या बाजूने बघितलं होतं, आईचं सगळं मर्सीच्या नावावर जाताना. 'यू आर राइट' म्हणून बूट उचलावेत आणि खुर्चीत जाऊन बसावं, एवढंच आता उरलं होतं. बूट हातात घेतलेसुद्धा. पण छातीतल्या त्या दोरीवरच्या उड्या थांबेनात. उलट वाढल्या. खरं सांगून टाकल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात, मला भूक लागल्यासारखं वाटत होतं, आणि बोलले ते मी बोलले की त्या भुकेने, ठाऊक नाही.

"मि. पेंटन, मला हे काम हवंय."

त्यांनी मान वर केली.

"पुढच्या शनिवारी, आणि त्याच्या पुढच्या. मर्सीचं तेवढं मर्सीचं म्हणेन. बूट घालीन. उभी राहीन. सुरीने पसरेन. पण चूल मी पेटवणार. मला हवीय ती. दोन वर्षं हवीय." इंग्रजी माझं तुटक तुटक येत होतं, व्याकरण वाऱ्यावर, पण एकही शब्द मी परत घेतला नाही. कोणी हसलं नाही. हसायला फक्त तेच होते, आणि ते चुलीकडे बघत होते.

मग त्यांनी हात विटांवर धरला, वर आढ्याकडे बघितलं, आणि खोलीत जोरात श्वास घेऊन बघितला. "धूर नाही," ते म्हणाले. "मार्गारेटच्या वेळी मला कायम दारं उघडावी लागतात. याची काय युक्ती आहे? ही पण फाइलमध्ये नाही."

"नाही."

"डर्बीच्या बाई भाता वापरतात," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले, आणि खिशातून छोटी डायरी काढली. "ठीक आहे. सीझनभर. फाइलबाहेर एक शब्द नाही. पुढच्या शनिवारी दहाला या."

"दहाला नाही," मी म्हटलं. "नऊला. दहाला पेटवली तर लोक येईपर्यंत या विटा गारच असतील."